जेवणानंतरची दहा मिनिटं

शर्टाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं ती कॉलरच शिवत आली, म्हणून सगळे तिला कॉलरवालीच म्हणत. स्वभावाने तापट, पण हात इतका साफ की तिच्या कॉलरचं टोक कधी वाकडं निघालं नाही.

त्या वर्षी तिला सारखी तहान लागायला लागली, सुईत दोरा ओवताना धूसर दिसायला लागलं. रक्त तपासलं तर मधुमेह. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या आणि मान वर न करताच विचारलं, "गोड फार खाता का?"

"नाही हो. चहात चमचाभर साखर, तेवढीच."

"सगळे असंच म्हणतात. पाणी भरपूर प्या, जेवल्यावर दहा मिनिटं चाला. बैठं काम कमी करा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बैठं काम कमी करा म्हणे! शिलाईमशीन काय चालता चालता चालवायचं?

घरी नणंद मुक्कामाला होती. ती डोळ्यांत तेल घालून ताटावर पहारा द्यायला लागली. "वहिनी, केवढा हा भात! जरा जिभेवर ताबा ठेवा." चार दिवस हिने ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी ताट उचलून नणंदेपुढे ठेवलं. "घ्या, माझ्या वाटचंही तुम्हीच जेवा. मला साखर झालीय, माझी अक्कल नाही गेली."

भात तिने कमी केलाच, पण आपल्या मनाने. अर्धं ताट भाजी, मूठभर भात, चहा बिनसाखरेचा. पहिले आठ दिवस तो चहा तिने काढ्यासारखा घशाखाली ढकलला.

कारखान्यात मात्र गाडं अडलं. जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची, त्यातली निम्मी हात धुण्याच्या रांगेत जायची. चालायचं कधी? आणि लघवीला कामाच्या पाळीत दोनदाच जाता यायचं, तेही सुपरवायझरकडून बिल्ला मागून. म्हणून बायका पाणीच पीत नसत. एका दुपारी तिने तिसऱ्यांदा बिल्ला मागितला.

"आत्ताच तर गेला होतात, बाई," सुपरवायझर म्हणाला. "पाणी कमी पीत जा."

कॉलरवालीने मशीन बंद केलं आणि उभी राहिली. "डॉक्टर म्हणतात प्या, तुम्ही म्हणता पिऊ नका. उद्या माझी किडनी गेली तर तुमची देणार आहात?"

आजूबाजूची मशीनं थांबली. शेजारची बटणवाली हलकेच म्हणाली, "मलाही साखर आहे गं. तीन वर्षं झाली. कामावरून काढतील म्हणून बोलले नाही." मग इस्त्रीच्या टेबलाकडून आणखी एकीने हात वर केला. संध्याकाळपर्यंत अकराजणी निघाल्या.

अकराही जणी मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरल्या. सुट्टी अर्ध्या तासाची करा, बिल्ले बंद करा.

"माल कमी निघेल," मॅनेजर म्हणाला.

"महिनाभर मोजून बघा. कमी निघाला तर परत बिल्ले लावा, मी ब्र काढणार नाही."

माल कमी निघाला नाही. रोज जेवण झालं की बायका गोदामाभोवती फेऱ्या मारायच्या, आधी अकरा, मग तीसेक. तीन महिन्यांनी तिची एचबीएवनसी, म्हणजे सरासरी साखर, साडेनवावरून सातावर आली. या खेपेला डॉक्टरांनी मान वर केली. "काय केलंत?" ते म्हणाले.

"भांडले," ती म्हणाली. "गोळ्याही घेतल्या."

त्याच आठवड्यात फाटकावर फलक लागला. तिचा हसरा फोटो आणि खाली लिहिलेलं, 'कामगारांचं आरोग्य, आमची काळजी.' ती तडक केबिनमध्ये गेली.

"कुणाला विचारून लावलात?"

"कौतुकच केलंय की तुमचं," मॅनेजर म्हणाला.

"एकोणीस वर्षं घोटभर पाण्याची चोरी केलीत, आणि आता काळजी? मला लाज वाटते त्या फोटोची." तिने स्टूल ओढत नेलं आणि सगळ्यांदेखत फलक स्वतःच्या हाताने उतरवला. अडवायला कुणी पुढे आलं नाही, आणि तो पुन्हा लागलाही नाही.

तिचा राग मात्र उतरला नाही. बटणवालीच्या पायाची जखम दीड महिना झाला तरी भरत नव्हती. तीन वर्षं ती पोर गप्प बसली होती, आणि नोकरीचा धाक घालून तिला गप्प बसवणाऱ्यांना कुणी साधा जाबही विचारला नव्हता.