मोहाखालची गाय आणि बंद दार

मी चौथीपर्यंत शिकलो, पण झाडीपट्टीची नाटकं पाहता पाहता केस पांढरे झाले. म्हणून नातीनं पुण्याहून फोनवर विचारलं, "आबाजी, माझा सिनेमा गावात दाखवू? लोक बसतील का?" तेव्हा मी म्हटलं, "आण. न बसायले काय झालं?"

सिनेमा तिनं मागच्या उन्हाळ्यात सालेकशाकडच्या जंगलात काढला होता. एक म्हातारी, आणि कामाला परमुलखात गेलेला तिचा लेक, जो परत येत नाही. गाणं नाही, मारामारी नाही. सिनेमा बाहेरगावच्या महोत्सवात पाठवण्याआधी त्यातलं काय कापायचं आणि काय ठेवायचं, हे तिला आमच्याकडं पाहून ठरवायचं होतं.

समाजमंदिरात पडदा लावला. म्हातारी मोहाच्या झाडाखाली बसलेली, फुलं टपकून राहिलेली, बाकी काहीच हलत नव्हतं.

"अटकला का गा?" मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले. भिंतीशी उभ्या नातीनं मान खाली घातली.

मग दूर झाडांतून एक गाय निघाली. सावकाश येत होती. म्हातारीचा डोळा लागला होता. बायका सावरून बसल्या. झाडाखालची जागा झाडून ठेवायची, पहाटे मोहफुलं वेचायला जायचं, आणि गुरं शिरली की सगळी मेहनत वाया. हे आमच्याकडं घरोघर माहीत.

"उठ वं माय, पाह्य, गाय फुलं खाते."

"गोटा मार ना."

"झोपूनच राहिली म्हातारी."

गाय फुलांपर्यंत पोचली, तोवर एकही माणूस जागचा उठला नाही.

त्यानंतर पडद्यावर म्हातारीच्या घराचं बंद दार आलं. किती तरी वेळ नुसतं दार. गडीमाणसं एकेक करून तंबाखू-सुपारीचा खर्रा खायला बाहेर गेली. मी पाठ ताठ करून बसलो. शेजारची बाईही बसून होती. तिचा लेक हैदराबादला असतो.

घरी आल्यावर नात म्हणाली, "गाय तर अशीच मधे आली होती. मी कापणार होते."

"गाय ठेव. दार काप."

"दारासाठीच तर सिनेमा केला, आबाजी."

"आमी काऊन पाहावं दार?"

"शेजारच्या काकूंनी पाहिलं."

"तिचा लेक तिकडं आहे."

"म्हणूनच. आणि तुम्ही काऊन बसले?"

"मी तुझा आजा आहो."

ती हसली, पण ऐकलं नाही. गाय ठेवली, दारही ठेवलं, आणि सिनेमा पाठवून दिला. दार लांबलं, असं माझं आजही म्हणणं आहे.