महासत्ता किलोच्या भावात: चिक्कडपल्लीचे दोन दिवस

लोक हैदराबादला चारमिनार बघायला जातात. मी गेलो ते जगावर पुढे राज्य कुणाचं, हे सांगायला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मावसभावाचं, वसंतदादाचं, पत्र आलं: 'आमच्या शलाकाला भाषेच्या कोर्सला घालायचंय. फॉर्मवर एकच भाषा लिहिता येते. जपानी की जर्मन, ते तू येऊन सांग. सोमवार शेवटचा दिवस.'

न जाऊन चालणार नव्हतं. तरुणपणी मी एका साप्ताहिकात 'उद्याचं जग मॉस्कोचं' असा लेख ठोकला होता. तो खरा मानणारा भूतलावरचा एकमेव वाचक म्हणजे दादा. तो रशियन शिकला, एका कारखान्यात यंत्रांच्या पुस्तिकांचा अनुवादक झाला. मग उद्याचं जग आलं, त्यात मॉस्को नव्हतं. दादा घरी बसला.

औरंगाबादहून हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनला थेट गाडी मिळते. जाणार असाल तर परभणीच्या आत जेवून घ्या; पुढे गाडी लेट होते आणि डब्यातली पुरी चिवट. सकाळी आंबलेल्या अंगाने उतरलो. रिक्षावाल्याला मीटरचं विचारलं.

"मीटर है साब, लेकिन वो मेरा सुनताच नै."

देशाचा बाजार खुला झाल्याचं वर्तमानपत्रात वाचलं होतं. काचीगुड्याच्या रिक्षांना ते आधीच कळलं होतं.

"परेशान दिसताय भावजी. पयले चाय घ्या, जग नंतर," दादाच्या दारातच वहिनी म्हणाल्या. नाश्त्याला हिरव्या मुगाचा डोसा, त्याच्या पोटात उपमा. चिक्कडपल्लीत कुठेही खा, दुपारचं जेवण वाचतं. दादाने पंचांग उघडलं. आत माझ्या त्या लेखाचं कात्रण, घडीवर पिवळं पडलेलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"त्या वेळी तूच सांगितलंस," तो शांतपणे म्हणाला. "आताही तूच सांग."

रविवारी सुलतान बाजार. दादाला रशियन पुस्तकं काढून टाकायची होती. दोन पिशव्या त्याच्याकडे, एक शलाकाकडे. बसने जा, पण कोठीला उतरून चालत. आत रिक्षा कापडवाल्यांच्या गर्दीत रुतते. फुटपाथवरच्या पुस्तकवाल्याने पिशव्यांत नजर टाकली.

"पैले रूस सामने रखता था साब. अब सामने अमरीका की परीक्षा के किताबां. जपान एकीच है, वो बी फटा हुआ. रूस? तौल के लेतूं."

वीस वर्षं जागतिक राजकारणावर लिहून मला जे जमलं नाही, ते त्याने तागडीने सांगितलं.

तेवढ्यात शलाकाने पिशवीतून एक चित्रांचं पुस्तक ओढून घेतलं. कोल्हा आणि बदकं. ती उभ्याउभ्या मोठ्याने वाचू लागली आणि हसली.

"जोर दुसऱ्या अक्षरावर, अगं!" दादा तागडीकडे बघतच म्हणाला. मग एक पिशवी तागडीवर ठेवली.

परतताना ती माझ्याजवळ सरकली. "काका, मला रशियनच शिकायचंय. लहानपणी बाबा गोष्टी त्याच भाषेत सांगायचे. पण ते म्हणतात, बुडालेल्या देशाची भाषा कशाला? तुमचं ऐकतील ते."

एक वाक्य पुरलं असतं: रशिया पुन्हा उठेल. जिभेवर आलंही होतं. पण त्या पंचांगात माझी आणखी एक थाप ठेवायची ताकद नव्हती.

घरी आल्यावर म्हणालो, "दादा, उद्या कुणाचं चालेल, मला ठाऊक नाही. तेव्हाही नव्हतं. संपादकाला पान भरून हवं होतं."

वहिनींनी पंखा बंद केला, मग पुन्हा लावला.

"एवढंच?" दादा म्हणाला. "मग तेवढंच लिहून दे. खाली सही कर."

मी लिहिलं: 'मला जगातलं काही कळत नाही. शलाकाला रशियन आवडतं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.' सही केली. दादाने चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा पुसला. सोमवारी सकाळी मला काचीगुड्याला सोडताना तो रुळांकडेच बघत होता.

घरी पोचलो तर टेबलावर साप्ताहिकाचं पत्र: 'एकविसावं शतक कुणाचं? आठ पानं, तातडीने.' मी ते उशीखाली सारून दोन दिवस झोपलो. तिसऱ्या दिवशी दादाचं कार्ड आलं:

'शलाकाने रशियन लिहिलं, मी सही केली. कात्रण काढून तुझी चिठ्ठी पंचांगात ठेवली आहे. पोरीचे उच्चार कच्चे आहेत. रोज संध्याकाळी तासभर बसतो. उरलेली पुस्तकं विकत नाही.'