पाच इमारती आणि घाडीकाका

परळच्या एका हॉस्पिटलात मी नेटवर्क सांभाळायचो. नोकरी सुटली, किस्से काही सुटत नाहीत! चार मित्र जमले की मी सुरू होतो, आणि दर किश्श्यात आमचे वायरमन घाडीकाका असतातच. मूळ मालवणचे, मायेत आले की 'झिला', म्हणजे पोरा, म्हणणारे. राहायला डिलाईल रोडला. संपाआधी गिरणीत साचे, म्हणजे माग चालवायचे.

* * *

स्कॅनिंग नव्या इमारतीत, ऑपरेशन थिएटर जुनीत. मधे तीन इमारती. एकदा मी ऐटीत स्कॅनची फाइल पाठवली. त्याच वेळी काका फिल्मचं पाकीट घेऊन निघाले. वाटेत कॅन्टीनला चहा प्यायले, पाकीट पोचवून परत आले. माझी फाइल साठ टक्के!

सर्जन मॅडमचा फोन आला, "तुझं नेटवर्क बंद कर, मला आणखी दोन घाडीकाका दे!"

* * *

दसऱ्याला सगळंच ठप्प. धावत गेलो, तर नेटवर्कचा मुख्य स्विच बंद, वर झेंडूचा हार, समोर पेढा.

"काका, हे काय?"

"आज मशीनला सुट्टी ना, साहेब! गिरणीत पूजा झाली की हात लावत नव्हतो."

"अहो, पेशंटला सुट्टी नसते!"

काका चरकले. कान पकडून त्यांनीच बटण दाबलं. हार मात्र काढू दिला नाही!

* * *

फाइल एवढी रखडते का, म्हणून मी आठ दिवस सर्व्हर तपासत होतो. काकांनी माझा नकाशा पाहिला.

"पाची बिल्डिंगी एकामागे एक ओवल्यात काय? आमचे जुने साचे असेच एका दांड्यावर फिरायचे. एक अडला की सगळे रडले. मग मालकाने दर साच्याला वेगळी मोटर दिली."

मी तो नकाशाच फाडला! दर इमारतीला मुख्य स्विचपासून वेगळी फायबर टाकली. तीच फाइल नऊ सेकंदांत! चौथी शिकलेल्या त्या माणसाला मी मनातल्या मनात हात जोडले.

* * *

मग फिल्म छापणंच बंद झालं. आणि एका दुपारी खोदकामात थिएटरची फायबर तुटली. टेबलावर वरळीचा एक कोळी, डोक्याला जबर मार. स्कॅन नव्या इमारतीत अडकलेला. मॅडम सारखा फोन करत होत्या.

कंपनीचा टेक्निशियन जोडायला बसला. केसाएवढी काचेची तार मशीनच्या खाचेत बसवायची होती. दोनदा मोडली.

"सरक जरा," काका म्हणाले. दोन्ही वेळा ते नीट बघत होते. चष्मा कपाळावर, श्वास रोखलेला. तार खाचेत अलगद बसली. मशीनने टाका घातला.

फोन वाजला. "स्कॅन दिसतोय! सुरू करते!"

आम्ही टाळ्या वाजवत होतो. काका आपल्या बोटांकडे बघत होते.

"संपानंतर आज पहिल्यांदा धागा सांधला रे, झिला."