राइट बॅकने जागा सोडली

फुटबॉलची टीम हुद्द्याप्रमाणे लावायची असते, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी चाकणच्या एका कंपनीत कळलं. प्लांट हेड सेंटर फॉरवर्ड. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन मॅनेजर. मधल्या फळीत इंजिनिअर आणि स्टोअरची मंडळी. मागे बचावाला कामगार, आणि गोलात सिक्युरिटीचा एक उंच गार्ड, कारण गेटवर उभं राहायची त्याला सवय आहे म्हणे. मी मनाचं सांगत नाही. असा तक्ता लॅमिनेशन करून कॅन्टीनबाहेरच्या नोटीस बोर्डावर लावला होता आणि येणारे-जाणारे त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठापेठांच्या तालमींच्या टीम असतात आणि मॅचच्या दिवशी दुकानदार शटर अर्धं ओढून स्टेडियम गाठतात. माझे वडील गवंडीकाम करायचे. त्यांनी जन्मात बॉलला पाय लावला नव्हता, पण मधल्या फळीतला हाफ पुढे सरकला की त्याच्या मागची जागा कोणी भरायची, हे ते पायरीवर उभे राहून ओरडून सांगायचे. शेजारचा अनोळखी माणूस त्यावर त्यांच्याशी हमरीतुमरीवर यायचा आणि नंतर दोघं मिळून भडंग खायचे. मी फुटबॉल शिकलो तो त्या भांडणांतून. स्वतः खेळायला गेलो तेव्हा गुडघ्याने दगा दिला, पण बघणं सुटलं नाही. नोकरीसाठी भोसरीला आलो त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. इथे फुटबॉलचं नाव निघतं ते वर्ल्ड कप आला की, आणि तेही पंधरा दिवस. म्हणून कंपन्या-कंपन्यांच्या स्पर्धेत आपणही उतरणार असं कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. तो आनंद त्या तक्त्यापर्यंत टिकला.

प्रशिक्षक म्हणून एचआरचे साहेब नेमले गेले. त्यांची लायकी काय, तर त्यांच्याकडे एका परदेशी क्लबची जर्सी होती आणि पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये भिंतभर टीव्ही होता. माणूस वाईट नव्हता. पण बोलताना ‘प्रेसिंग’, ‘ट्रान्झिशन’ असे शब्द फेकायचा आणि मैदानावर आला की सरावाचे प्लॅस्टिकचे कोन कुठे ठेवायचे हे मोबाइलमध्ये बघायचा.

त्या तक्त्यावर राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचाव, म्हणून ज्याचं नाव होतं तो माझा गाववाला. प्रेस शॉपमध्ये कंत्राटी कामगार, बत्तीस वर्षांचा. सहा वर्षं एकाच मशीनवर होता, तरी दर सात महिन्यांनी त्याला ब्रेक मिळायचा. म्हणजे पंधरा दिवस घरी बसायचं आणि मग नवा गेटपास घेऊन, कंपनीने आपल्याला कधी पाहिलंच नाही अशा थाटात पुन्हा पहिल्या दिवसाची सही करायची. कोल्हापुरात हाच माणूस एका नावाजलेल्या तालमीकडून सेंटर हाफ खेळला होता. जेवणाच्या सुट्टीत शेडमागे त्याला बॉलशी खेळताना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा माझा डबा तसाच राहिला. बॉल पायात आला की हा मान वर करून सगळं मैदान बघायचा. हे शिकवून येत नाही. आणि अशा माणसाला यांनी कोपऱ्यात, राइट बॅकला उभं केलं होतं, का तर तो कामगार.

स्पर्धा सुरू व्हायच्या आधी कॅन्टीनमध्ये प्लांट हेडनी सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “कप आण. तुझ्या पर्मनंटचं मी बघतो.” शंभर माणसांनी ऐकलं. त्याने त्या संध्याकाळी बायकोला सांगितलं, तिने कोल्हापूरला आई-वडिलांना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो त्या कपला कप म्हणेना. “आपलं काम” म्हणायचा. “काका, आपलं काम हुईल न्हवं?”

मी म्हणालो, “मर्दा, होणार. पण तुला मधे खेळवायला पाहिजे.”

भोसरीहून चाकणला कंपनीच्या बसने जाताना ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास जातो. त्या वेळात मी खराब पार्टला बांधतात त्या रिजेक्शनच्या लाल टॅगच्या मागच्या बाजूला माझी चाल काढली. प्लांट हेडना पुढून हलवायची कुणाची छाती नाही, तर राहू देत. पण माझा गाववाला मधे हवा. तेवढंही जमत नसेल तर राइट बॅकवरूनच त्याला वर सोडायचं, आणि तो वर गेला की राइट हाफने मागे येऊन त्याची जागा धरायची. राइट हाफला स्टोअरमधला एक माणूस होता. साधा, सांगेल ते करणारा. एवढीच चाल. कोल्हापुरात शाळेतल्या पोराला कळेल.

तो टॅग घेऊन मी एचआरच्या केबिनमध्ये गेलो. साहेबांनी तो उलटा धरून पाहिला.

“काका, तुमची भावना मी समजू शकतो,” ते म्हणाले. “पण फॉर्मेशन मॅनेजमेंटकडून अप्रूव्ह झालंय. प्रेझेंटेशनसुद्धा झालं. तुम्ही असं करा, पाण्याच्या बाटल्यांचं बघा. तुमच्यासारखा सीनियर माणूस टीमबरोबर पाहिजेच.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अठ्ठावीस वर्षं मशीन सेट करतो मी. प्रेसचा साचा, डाय, कुठे बसवायचा हे माहीत नसलेला माणूस मला बाटल्या भरायला सांगत होता. तरी मी “बरं साहेब” म्हणालो आणि बाहेर आलो. याचाही मला तितकाच राग आहे.

पहिल्या दोन मॅच आम्ही जिंकलो. त्यात आमची करामत काही नव्हती. एका टीमचे चार खेळाडू अर्ध्या वेळानंतर सेकंड शिफ्टची बस पकडायला निघून गेले. दुसऱ्या टीमचा गोलकीपर आमच्यापेक्षा वाईट होता. पण त्या विजयांनी एचआरचे साहेब इतके फुगले की ‘आमचं मॉडेल’ म्हणून त्यांनी मेल पाठवला. मी बाटल्या भरत होतो आणि पाहत होतो. माझा माणूस मागे उभा, बॉल अडवून पुढे देतोय, आणि पुढे प्लांट हेड तो बॉल घेऊन कुणाकडेही न बघता थेट गोलकडे धावतायत. चोपन्न वर्षांचे गृहस्थ. धावतात म्हणजे जातात. त्यांच्याकडे बॉल गेला की परत येत नसे, आणि तरी सगळे “वेल ट्राइड सर” म्हणून टाळ्या वाजवायचे.

फायनल गुरुवारी, आमच्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, भोसरीच्या एका मैदानावर झाली. समोर तापलं लोखंड ठोकणाऱ्या एका फोर्जिंग कंपनीची टीम, घणासारखे एकेक गडी. त्यांच्यात हुद्दाबिद्दा काही दिसत नव्हता, ज्याला खेळता येत होतं तो खेळत होता. पहिल्या अर्ध्यात त्यांनी एक गोल केला. आमच्याकडून एकदाच संधी आली आणि प्लांट हेडनी बॉल मैदानाबाहेर, टपरीच्या पत्र्यावर मारला. माझ्या गाववाल्याची बायको मुलीला घेऊन मॅच बघायला आली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. पर्सचा बंद हातात घट्ट धरून बसली होती.

मध्यंतराला साहेब सगळ्यांना गोल उभं करून “पॅशन दिसत नाहीये” वगैरे सांगत होते. मी बाटली द्यायच्या निमित्ताने गाववाल्याजवळ गेलो.

“आता वर जा,” मी हळूच म्हणालो. “मागचं सोड.”

त्याने साहेबांकडे पाहिलं. “आन् मागं कोन?”

“मी बघतो ते. राइट हाफ येईल मागे. तू जा.”

तो गेला. आणि पुढची वीस मिनिटं भोसरीच्या त्या धुळीच्या मैदानावर मी माझं कोल्हापूर पाहिलं. त्याने बॉल घेतला, दोघांना मागे टाकलं, मधून शिरला आणि असा नेमका मारला की त्यांचा गोलकीपर नुसता वळून पाहत राहिला. एक-एक! मी बाटल्यांचा क्रेट लाथेने उडवला. त्याची बायको उभी राहून रडत होती. साहेबांनी माझ्याकडे वळून “बघा, पॅशन!” म्हटलं, तेव्हा त्यांनाही मिठी मारावीशी वाटली मला.

शेवटची पाच मिनिटं राहिली असताना तो पुन्हा वर गेला. बॉल प्लांट हेडकडे होता. माझा माणूस त्यांच्या उजवीकडे मोकळा, पूर्ण मोकळा, हात वर करून उभा. “सर, द्या!” ओरडला. सरांनी दिला नाही. सरांना स्वतः गोल करायचा होता. बॉल त्यांच्या पायातून निसटला, फोर्जिंगवाल्यांनी उचलला आणि आमच्या उजव्या बाजूने पुढे नेला. तिथे कुणीच नव्हतं. स्टोअरचा माणूस मैदानाच्या मधोमध उभा राहून बॉलकडे पाहत होता.

मी त्याला सांगितलंच नव्हतं.

सगळी चाल आखली, टॅगवर बाण काढले, मध्यंतराला बाटली त्याच्याही हातात दिली, आणि तोंडातून शब्द काढला नाही. मला वाटलं, तो बघून येईल मागे. आमच्या कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. एक-दोन झालं आणि शिट्टी वाजली.

शनिवारी सकाळी ट्रेनिंग रूममध्ये मीटिंग झाली. कंपनीत पार्ट खराब निघाला की ‘व्हाय-व्हाय’ करतात. झालं ते का झालं, असं पाच वेळा विचारत जायचं आणि शेवटच्या उत्तराला खरं कारण मानायचं. साहेबांना वाटलं, पराभवाचंही करू, टीमवर्कचं ट्रेनिंग होईल. माझं अक्षर चांगलं म्हणून मार्कर माझ्या हातात दिला. टीम समोर बसलेली, प्लांट हेड पहिल्या रांगेत.

का हरलो? दुसरा गोल झाला. का झाला? उजवी बाजू उघडी होती. मी लिहीत होतो. मधे बॉल कोणाच्या पायातून गेला, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही, किंवा सगळ्यांच्याच मनात आलं आणि कुणी बोललं नाही. उजवी बाजू का उघडी होती? राइट बॅकने जागा सोडली. तेही लिहिलं. इतकी वर्षं असे कागद भरले आहेत मी. प्रत्येक वेळी उत्तर खाली खाली घसरत कामगारापाशी येतं आणि तिथे थांबतं. त्यावर मी कॅन्टीनमध्ये शंभरदा संतापून बोललोय.

साहेबांनी चौथा प्रश्न विचारला. “जागा का सोडली? कोणी सांगितलं होतं का?”

तो उभा राहिला. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. “कुनी न्हाई, साहेब. माझं मलाच वाटलं.”

मार्कर माझ्या हातात होता. तोंड माझं मोकळं होतं. रिटायरमेंटला तीन वर्षं राहिलेली, मुलाला याच कंपनीत चिकटवायचा विचार चाललेला, आणि पहिल्या रांगेत प्लांट हेड. मी फळ्याकडे वळलो आणि चांगल्या अक्षरात ‘सूचनांचे पालन केले नाही’ असं लिहिलं. पाचवा प्रश्न कुणी विचारला नाही. चहा आला.

महिन्याअखेरीस कायम झालेल्यांची यादी लागली. त्यात तो नव्हता. त्याला पुन्हा ब्रेक मिळाला होता, आणि या वेळी कंत्राटदाराने सांगितलं, परत येऊ नको, शिस्तीचा शेरा आहे.

शेवटच्या दिवशी तो माझ्या मशीनपाशी आला. हेल्मेट जमा करायला चालला होता.

“काका, येक इचारू? राग न्हाई ना यायचा?”

“विचार की.”

“त्या राइट हाफला तुमी सांगितलं हुतं न्हवं, मागं थांब म्हनून? मी लई इचार करतोय. म्हटलं, माझंच कायतरी चुकलं का.”

मशीन चालू होतं. मी बंद केलं नाही.

“सांगितलं होतं रे,” मी म्हणालो. “त्याने ऐकलं नाही.”

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. “मग ठीक हाय,” तो म्हणाला. “तुमची चाल बराबर हुती, काका.” आणि मी नको नको म्हणत असताना वाकून माझ्या पाया पडला.