जोड्या पुसून झाल्यावर

जेवण झाल्यावर शर्वाणी पाठ टेकते. फक्त पाठ. झोपायचं नाही, असं ती पाठीला बजावते, पण पाठ काही ऐकणाऱ्यातली नाही. चार वाजता मुलाखत आहे. उशाशी लॅपटॉपवर जावास्क्रिप्टचं एक छोटं कोडं उघडं आहे : दिलेल्या ओळीतले सगळे कंस नीट जुळतात का ते सांगा. उघडलेला प्रत्येक कंस बंद झाला पाहिजे, बस. तिला ते तोंडपाठ आहे. पण मुलाखतीत नुसता कोड लिहून भागत नाही; लिहिताना डोक्यात काय चाललंय ते मोठ्यानं बोलावं लागतं, आणि तिथं तिची दातखीळ बसते. मागच्या कंपनीच्या माणसानं शेवटी काळजीनं विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही आहात ना?"

पंखा फिरतो. एक कंस उघडतो, त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा, आणि सगळ्यांत आतल्या कंसात ती पिठाच्या गिरणीत रांगेला उभी असते.

गिरणीत मुलाखती चालू आहेत. यात तिला काही वावगं वाटत नाही. उमेदवारांनी आपापले डबे आणलेत, डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या आहेत.

"अनुभव जाडा हवा की बारीक?" काउंटरवरची बाई विचारते.

"बारीक. चाळून द्या."

आत, चक्कीपाशी, अभिनंदन मगदूम बसलाय. भाद्रपदात डेंग्यूनं गेला तो. पापण्यांवर पीठ, वर इस्त्रीचा शर्ट आणि टाय, खाली बर्म्युडा. कॅमेऱ्यासमोरच्या मुलाखतींना तो असाच बसायचा.

"अभ्या, अरे पँट?"

"घाईत निघालो गं."

पुण्यात एका कोर्सला दोघांची ओळख झाली होती. कोर्स संपला, नोकरी लागली नाही, तो इचलकरंजीला घरी गेला, ही इथंच खोली घेऊन राहिली. मग रोज फोनवर सराव. एकानं कोडं मोठ्यानं सोडवायचं, दुसऱ्यानं फक्त "मग?" म्हणायचं. मदत नाही, शहाणपणा नाही. अभ्याच्या "मग?"वर शर्वाणी धबधब्यासारखी बोलायची. तो गेला आणि नळ बंद झाला.

गिरणीच्या पायऱ्या पोहण्याच्या तलावात उतरतात. पाणी नाही. दोघं तळाशी बसलेत, आणि अभिनंदन निळ्या फरशीवर पिठानं कंस काढतोय.

"ती तुझी शेवटची पद्धत सांग ना," ती म्हणते. "कंसांची."

"हे बघ. तू कंसांची उतरंड रचत बसतेस. मी आळशी माणूस. शेजारीशेजारी उघड-बंद अशी जोडी दिसली, की पुसली." तो बोटानं पुसतो. "आतली जोडी गेली, की बाहेरची दोघं आपोआप एकमेकांना चिकटतात. ती पण पुसायची."

"मग?"

"पुसत राहायचं. पुसण्याजोगी जोडी उरली नाही, की थांबायचं. आणि मग जे उरतं ना, शर्वे, ते—"

मिक्सर सुरू होतो. तलावाच्या तळाशी मिक्सर. अभिनंदनचे ओठ हलत राहतात, हात हलतात, एकदा तर तो स्वतःच्याच बोलण्यावर हसतो.

हा मिक्सर तिच्या ओळखीचा आहे. तिचाच आहे. त्या दिवशी फोनवर तो नेमका इथवर आला, आणि मिक्सर त्याला ऐकू जाऊ नये म्हणून हिनं आपल्या बाजूनं आवाज बंद केला, फोन ओट्यावर ठेवला आणि शेंगदाण्याची चटणी वाटून घेतली. चटणी झाल्यावर फोन उचलून म्हणाली, "हं, मस्त रे. एकदम बरोबर." दुसऱ्या दिवशी त्याला ताप आला.

"परत सांग," ती म्हणते.

"आणि मग जे उरतं ना, शर्वे, ते—" मिक्सर.

"अरे मोठ्यानं बोल!"

"किती बी ओरडलो तरी तेवढंच येतंय मला."

"तुझंच उत्तर आहे ना?"

"उत्तर माझं. स्वप्न तुझं. तू ऐकलंस तेवढंच मला येतं. त्याच्या पुढं चटणी आहे."

"चिडलायस?"

"ते पण तूच ठरव. मला इथं काही अधिकार नाहीत."

"तसं सोपंच आहे रे ते," ती घाईघाईनं म्हणते. "काही उरलं तर कंस जुळत नाहीत, काहीच उरलं नाही तर जुळतात. एवढंच म्हणाला असशील."

"असेन." तो टायला लागलेलं पीठ झटकतो. "पण एवढ्यासाठी मी अख्खी चटणी होईपर्यंत बोलत बसलो?"

ती फरशीवरचा एक कंस बोटानं पुसते.

"बरं, आता तू बोल," तो म्हणतो. "माझी पद्धत, तुझ्या तोंडानं."

आता ती एका जिन्यावर आहे. इचलकरंजीच्या घराचा जिना, तिनं कधीच न पाहिलेला. कुठंतरी यंत्रमागांचा खडखडाट चाललाय. पिठाखाली फोन वाजतो. ती तो काढून कानाला लावते आणि बोलायला लागते. जीभ सैल सुटते. जोडी शोधायची, पुसायची, परत पहिल्यापासून बघायचं. खालच्या पायरीवर बसून अभिनंदन मान डोलावतो. मागं वळून बघत नाही.

"आणि मग जे उरतं, ते..." ती अडते. खालची पायरी रिकामी आहे. "ते काय, अभ्या? ते काय?"

"मला काय ठाऊक, बाळ," फोनमधून बाईचा आवाज येतो.

पंखा. छत. गाल आणि उशी यांच्यामध्ये फोन, आणि पडद्यावर "अभ्या". हा नंबर आता त्याची आई वापरते.

"काकू?"

"सहज केलता गं. उचललास आणि सुटलीसच. झोपेत हुतीस व्हय?"

"सॉरी काकू."

"असू दे. कळलं काय न्हाई, पर बरं वाटलं. ते कंसाचंच न्हवं? त्या दिवशी त्यो बी हेच सांगत हुता तुला. फोन ठेवून आत आला, कसला खूश! म्हटला, आई, आज शर्वाणीनं मधी एक शब्द न बोलता शेवटपर्यंत ऐकलं माझं."

शर्वाणी उठून बसते. कान तापून लाल झालाय, नुसता हात लावला तरी चटका बसतो.

"काय सांगितलं हुतं गं त्यानं?" काकू विचारतात. "मला बी सांग की."

"सांगते, काकू," ती म्हणते, आणि येतं तिथवर सांगायला लागते.