मागचं डावं चाक

साऱ्या सक्करदरा भागात नत्थूजींची ओळख ‘कानवाले’ अशी होती, आणि गेली तीन वर्षं ती धडधडीत खोटी होती.

मूळ धंदा सीट कव्हर शिवण्याचा. मग शहरात जिकडेतिकडे सिमेंटचे रस्ते झाले आणि छोट्या गाड्यांवाल्यांची डोकी उठली. दिसायला गुळगुळीत रस्ता, पण चाळीसच्या वर गेलं की आत अशी घरघर, की शेजारी बसलेल्या बायकोशी भांडायचं तरी ओरडून भांडावं लागे. नत्थूजींनी ती घरघर मारण्याचं काम हाती घेतलं. दाराचं आतलं कव्हर काढायचं, पत्र्यावर डांबरी चादर रोलरने दाबून चिकटवायची, वर फोम, कडेला नवं रबर. ही कामं पुढे चार दुकानांत होऊ लागली. पण कामाआधी गिऱ्हाइकाला गाडी चालवायला लावून मागच्या सीटवर आडवं व्हायचं, डोळे मिटायचे आणि उठून सांगायचं, ‘‘उजव्या दारातली तार सैल आहे, अन् डिकीतला जॅक वाजून राहिला,’’ हे फक्त नत्थूजींनाच जमे. लोक लांबून येत ते त्या कानांसाठी.

ते कान गेले. आधी बारीक आवाज गेले, मग माणसांची बोलणी अर्धी अर्धी येऊ लागली. बायको शोभाताई सोडून कोणाला त्याचा पत्ता नव्हता. ती एकदा म्हणाली, ‘‘मशीन लावा न जी कानात.’’ तर हे उसळले, ‘‘कानवाल्याच्या कानात मशीन? दुकानाले कुलूपच लाव मंग!’’ त्यानंतर तिने विषय काढला नाही. नत्थूजी मात्र रोज दुकान उघडत. आडवे पडले की दोन्ही तळहात गाडीच्या फरशीवर टेकवत. हाताला थरथर कळे, त्यावरून बरंच ओळखता येई. जे कळत नसे ते ठोकून देत. तीस वर्षांच्या नावावर लोक विश्वास ठेवत, आणि त्या विश्वासाचीच नत्थूजींना सगळ्यात जास्त भीती वाटे.

असे एक दिवस मधुसूदनराव आले. कचेरीतून निवृत्त झालेले, नीटनेटके, सात वर्षं वापरलेली हॅचबॅक अजून नव्यासारखी ठेवणारे. बरोबर पत्नी नीलाताई. त्यांची मुलगी भैरवी अमरावतीला दिलेली, पहिलंच बाळंतपण, सातवा लागलेला. तिला माहेरी आणायचं होतं.

‘‘तिला धक्का लागता कामा नये,’’ नीलाताईंनी तीनदा सांगितलं. ‘‘आणि या गाडीत बसलं की माझंच डोकं भणभणतं, तिचं काय होईल?’’

आधी नत्थूजींनी चाकांतली हवा बघितली. मायलेज मिळावं म्हणून मधुसूदनरावांनी चाकं चाळीसपर्यंत टम्म फुगवून ठेवली होती.

‘‘दाराच्या खांबावर कागद चिकटवेल आहे, त्यावर तेहतीस लिवलं आहे. तो कागद कोनी वाचतच नाही,’’ नत्थूजी म्हणाले आणि हवा सोडली. निम्मे धक्के तिथेच कमी झाले. मधुसूदनराव ओशाळले.

मग नेहमीची फेरी. नत्थूजी मागे आडवे, हात फरशीवर. मधुसूदनरावांनी चौकातून उजवीकडे वळण घेतलं, पुढे जाऊन डावीकडे घेतलं. मग मान मागे वळवून विचारलं, ‘‘मागून डावीकडून गुंऽऽ असा आवाज येतोय. ऐकू येतो ना?’’

नत्थूजींना त्यांचे हलणारे ओठ दिसले आणि ‘डावीकडून’ एवढा शब्द कळला. ते पटकन म्हणाले, ‘‘आला ध्यानात सायब. रस्त्याचाच आहे, सिमेंटचा. चादर लावली का बंद.’’

आणि झाला बंद. दोन दिवस खपून त्यांनी दारं, फरशी, डिकी, चाकांवरच्या कमानी, सगळं मढवलं. नीलाताईंनी बसून बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘अगंबाई, देवघरात बसल्यासारखं वाटतंय!’’ उद्या सकाळी आठला निघणार, परवा लेकीला घेऊन येणार, असं सांगून मंडळी गेली.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला नत्थूजी ओट्यापाशी चहा घेत उभे होते आणि शोभाताई मिक्सरमध्ये चटणी वाटत होती. त्यांचा हात सहज ओट्यावर टेकला.

‘‘याचा बुश गेला, दांडा अंदर डगडगून राहिला,’’ ते म्हणाले.

शोभाताई हसली. त्यांच्यासमोर तोंड करून सावकाश म्हणाली, ‘‘बायकोनं हाक मारलेली ऐकू येत नाही, पन बुश कळते!’’ आणि भांडं नीट बसावं म्हणून तिने ते एका बाजूला दाबलं. ओट्यावरची थरथर वाढली. तिने हात काढला, तशी कमी झाली.

नत्थूजींचा चहा हातातच राहिला. परवाची फेरी त्यांच्या तळहातात परत आली. चौकात गाडी उजवीकडे वळली तेव्हा फरशीला डाव्या बाजूने झिणझिण्या आल्या होत्या. डावीकडे वळली तेव्हा त्या पार थांबल्या होत्या. हाताला हे कळलं होतं. पण त्या वेळी सारं चित्त मधुसूदनरावांच्या ओठांवर होतं, आपण पकडले तर जाणार नाही ना या एका काळजीत. रस्त्याची घरघर वळणावर वाढत-कमी होत नाही. वळताना वजन ज्या चाकावर येतं त्याचं बेअरिंग खराब असेल, तरच असं होतं. आणि खराब बेअरिंग एकच गोष्ट करतं: ओरडून सांगतं. त्याचं ते ओरडणं आपण फोम लावून बंद केलं.

‘‘शोभे, फोन लाव! मधुसूदनरावांले लाव! मागचं डावं चाक... गाडी थांबवा म्हन त्यांले!’’

पहिला फोन कोणी उचलला नाही. दुसराही नाही. नत्थूजी ओट्याला धरून उभे राहिले. हायवेवर नव्वदच्या वेगाने जाणारी ती गाडी त्यांना दिसत होती. आत देवघरासारखी शांतता, आणि खाली ते चाक. हे आपण केलं, दुसऱ्या कोणी नाही.

तिसऱ्यांदा नीलाताईंनी उचलला. शोभाताईने भराभर सांगितलं. नत्थूजी तिच्या तोंडाकडे डोळे ताणून बघत होते. मधेच ती थांबली. फोनवर हात ठेवून त्यांच्याकडे वळली.

‘‘त्या म्हनतात, गाडी तर मस्त चालून राहिली. कोंढाळी गाव येऊन राहिलं. अन् परवा तुमीच ऐकून सांगतलं का रस्त्याचा आवाज आहे, मंग आज काहून थांबायचं?’’

आता दोनच रस्ते होते. काहीतरी ठोकून द्यायचं, आणि त्यांनी ते ऐकायचं की नाही हे त्यांच्या मर्जीवर सोडायचं. नाहीतर खरं सांगायचं. म्हणजे तीस वर्षांचं नाव गेलं. शोभाताई वाट बघत होती. ती स्वतःहून एक शब्द बोलली नसती.

‘‘सांग,’’ ते म्हणाले.

‘‘ताई,’’ शोभाताई फोनमध्ये म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले, ‘‘ह्यांले ऐकू येत नाही. तीन वरसं झाले. परवा ह्यांनी काहीच आयकलं नव्हतं. पाया पडतो तुमच्या, आत्ताच्या आत्ता थांबा.’’

त्यानंतरचा दीड तास नत्थूजींनी ओट्याजवळच्या स्टुलावर काढला. चटणी तशीच राहिली. दुकान उघडायला ते गेले नाहीत. फोन वाजला तर आपल्याला कळणार नाही म्हणून तो त्यांनी मुठीत धरून ठेवला. थरथरला तेव्हा त्यांनी दचकून तो शोभाताईच्या हातात कोंबला.

मधुसूदनराव ओरडत होते. नत्थूजींना ऐकू येत नव्हतं, पण शोभाताई फोन कानापासून लांब धरते आहे एवढं दिसत होतं. ‘‘हो जी... हो जी... बरोबर आहे तुमचं,’’ एवढंच ती म्हणत राहिली. फोन ठेवून तिने पदराने तोंड पुसलं.

‘‘कोंढाळीच्या गॅरेजात चाक उचललं. हातानं डगडग हलत होतं, बेअरिंग बदलून राहिले. मिस्त्री म्हने, तसेच गेले असते तं येताना पोरीले घेऊन इथपर्यंत पोचले नसते.’’

‘‘अन् ते काय म्हने?’’

‘‘म्हने, ऐकू येत नव्हतं तर सांगायले काय झालं होतं.’’

बरोबरच होतं. एवढं बरोबर की त्यावर रागावताही येईना. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पाचव्या दिवशी दुकानासमोर तीच हॅचबॅक येऊन थांबली. दुकानात केयूर नावाचा एक जण नवी गाडी घेऊन कामासाठी आला होता, फेरीला निघायचंच होतं. मधुसूदनराव उतरले. चेहरा कडकच होता. मागे भैरवी बसली होती, पोटावर हात ठेवून.

‘‘बसा मागे,’’ मधुसूदनराव म्हणाले, आणि हाताने खूणही केली.

भैरवी सरकली. नत्थूजी खाली फरशीवर उकिडवे बसले आणि तळहात टेकवले. मधुसूदनरावांनी चौकात उजवं वळण घेतलं, पुढे डावं घेतलं, मग मुद्दाम पुन्हा उजवं घेतलं. हाताला काही लागलं नाही. रस्ता तेवढा लागला, सिमेंटचा, बारीक आणि सारखा.

दुकानाशी गाडी थांबली. केयूर उत्सुकतेने नत्थूजींपुढे आला. ‘‘काय काका, गेला का आवाज?’’

मधुसूदनराव नत्थूजींकडे बघत राहिले. भैरवीही बघत होती. नत्थूजींना केयूरचे ओठ दिसले, प्रश्नही कळला, आणि जुनं उत्तर सवयीने जिभेवर आलं. त्यांनी ते गिळलं.

‘‘चाक ठीक आहे, हे माहे हात सांगतात,’’ ते म्हणाले, रस्त्यापलीकडच्या दुकानदारालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, कारण आपण किती मोठ्याने बोलतो हे त्यांना आता कळत नसे. ‘‘आवाजाचं या पोरीले इचारा. मले ऐकू येत नाही.’’