पाच मुलखांची तंबाखू आणि माझं वाळवण

आमच्या ह्यांना पाइप लागला तो एका साहेबामुळं. हे बुलढाण्याला कचेरीत क्लार्क होते. साहेबाची बदली झाली तेव्हा त्यानं खणातला जुना पाइप काढला नि ह्यांच्या हातात देऊन म्हणाला, ठेवा आठवण म्हणून. माणसं आठवण कपाटात ठेवतात. ह्यांनी तोंडात ठेवली.

आमच्या देऊळघाट गावात बिडी आहे, चुना-तंबाखू आहे, पाइप ओढणारे मात्र हे एकटेच. त्याची तंबाखू इकडं मिळत नाही, म्हणून कित्येक वर्षं हे बिड्या उसवून भरायचे. तो वास असा, की चांगली फुगलेली पोळी मला करपल्यासारखी वाटायची. शेजारचे मास्तर भिंतीवरून ओरडायचे, “वहिनी, इंजिन सुटलं का?”

मागच्या वर्षी डॉक्टरनं ह्यांच्या छातीला नळी लावली नि तोंड वाकडं केलं. झालं! मुलगी परदेशात नोकरीला असते, तिनं तिथून फर्मान काढलं, पाइप बंद. ह्यांनी दोन दिवस जेवणावर ताकसुद्धा घेतलं नाही. शेवटी तह झाला. पाइप फक्त रविवारी, एकदाच. बिड्या उसवायच्या नाहीत. तंबाखू मुलगीच देणार, नि तीही वर्षाला एकच लहान डबा.

यंदा उन्हाळ्यात ती आली ती नमुन्याच्या पाच डब्या घेऊन. कुंकवाच्या करंड्याएवढ्या, झाकणावर नावाचे कागद चिकटवलेले. एक तुर्कस्तानच्या धर्तीची, एक स्कॉटलंडच्या, एक डेन्मार्कच्या, एक दक्षिण अमेरिकेची, नव्हे, अमेरिकेच्या दक्षिणेची (दोन्ही वेगळे आहेत म्हणे) आणि एक सिरियाच्या.

“बाबा, मी आहे तोवर रविवारचा नियम माफ. रोज संध्याकाळी एक-दोन चाखून पाहा,” ती म्हणाली. “आवडंल तिचा डबा मी पाठवते. पण एकदा सांगितलं की वर्षभर तीच. मग ही खराब लागते, ती बरी होती, असं फोनवर सांगायचं नाही.”

बावन्न रविवारांचा प्रश्न होता बाई! ह्यांनी लग्नासाठी मुलगी बघताना, म्हणजे मला बघायला आले तेव्हा, एवढा विचार केला नव्हता. पोहे खाल्ले नि हो म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी गच्चीवर सतरंजी पडली. मास्तर आले. ते स्वतः काही ओढत नाहीत, पण मत द्यायचं असलं की पहिले हजर.

“हे खरंच तुर्कस्तानातून येऊन राह्यलं का बे?” त्यांनी ह्यांना विचारलं.

“नाही काका,” मुलगी म्हणाली, “सगळं एकाच कारखान्यात होते. फक्त त्या त्या मुलखाच्या धर्तीवर.”

“म्हणजे आपल्या ढाब्यावर पनीर कोल्हापुरी भेटते तसं! त्या पनीरानं कोल्हापूर काही पाह्यलेलं नसते.”

त्या दिवशी तुर्कस्तान झालं, दुसऱ्या दिवशी डेन्मार्क. हे वहीत कचेरीतल्यासारखे शेरे लिहायचे. तुर्कस्तानपुढं लिहिलं, ‘विचाराधीन.’ डेन्मार्कपुढं, ‘गोड आहे. हरकत नाही.’ मला विचाराल तर डेन्मार्क फार छान. बेकरीच्या दारातून गेल्यासारखा वास. घराचे पडदे पहिल्यांदा ह्यांच्या बाजूनं झाले.

तिसऱ्या दिवशी बापलेक बँकेच्या कामाला बुलढाण्याला गेले, नि मी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. म्हटलं, बघावं तरी काय आहे त्या डब्यांत. उघडल्या तर काय, तंबाखू ओलसर! बोटांना चिकटत होती, गठ्ठे झाले होते.

आता माझं माहेर अमडापूर. बाजारात वडिलांचं तंबाखूचं दुकान. तंबाखू दमट लागली की वडील अख्खं पोतं उन्हात पालथं करायचे, कारण दमट राहिली की बुरशी, नि बुरशी धरली की माल गेला. मला वाटलं, पोरीनं एवढ्या दुरून आणली, विमानात सादळली बिचारी. पाच बशा घेतल्या, पाच तंबाखू पसरल्या, मिरच्यांच्या शेजारी ठेवून दिल्या. एवढ्यावर थांबते तर मी कसली! डब्यांना वास लागला होता, म्हणून साबण लावून घासणीनं लखलखीत घासल्या. झाकणांवरचे कागद मोरीतून वाहून गेले. त्यांचं तेव्हा मला काहीच वाटलं नाही. बशा ओळीनं मांडल्या होत्या ना, ओळ पाठ होती.

दुपारी वावटळ उठली. मी धावत वर गेले, हाताला येईल ती बशी सुपाखाली झाकत खाली आणली. ओळ गेली.

हे परत आले. एका बशीत बोट घातलं, तर तंबाखूचा चुरचुर चुरा झाला.

“अवं, हे काय केलं व तू?”

“सादळली होती. वाळवली.”

“ते तशीच असते!”

मुलगी हसून हसून पायरीवरच बसली. हे हसले नाहीत. खाटेवर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. बरोबरच होतं त्यांचं. तीन मुलूख चाखायचे राहिलेले, पाचांची नावं गेलेली, आणि मुलगी एक दिवस सोडून निघणार. आता नुसत्या अंदाजानं एखादं नाव सांगावं लागलं असतं, नि चुकलं की वर्ष गेलं.

संध्याकाळी मास्तर आले, त्यांनी एक बशी नाकाशी नेली नि सात शिंका दिल्या. मिरचीच्या बिया उडून पडल्या होत्या. “हे वऱ्हाडी धर्तीचं झालं,” ते डोळे पुसत म्हणाले. “पाठव म्हणा याचाच डबा!”

मग मी पदर खोचला. जास्त वाळलेला माल परत कसा आणायचा तेही दुकानात पाहिलेलं होतं. बिया वेचल्या, बशा परातीत ठेवल्या, वरून ओलं फडकं ताणून बांधलं, तंबाखूला टेकू दिलं नाही. सकाळपर्यंत पाचही मऊ झाल्या. मग मुलीला म्हटलं, “फोनवर त्या तंबाखूची माहिती लिहिली असंल ना? वाच.”

ती वाचत गेली, मी हुंगत गेले. “लाकडाच्या धुरावर वाळवलेली,” ती म्हणाली. मी काळी बशी पुढं केली, चुलीपुढच्या लुगड्यासारखा वास. सिरिया. “दाबून आंबवलेली” म्हटल्यावर मनुका कुजल्यासारखी ती अमेरिका. डेन्मार्क तर आंधळ्यानंही ओळखावं. उरल्या दोन. त्यातली उदाचा वास मारणारी तुर्कस्तान, नि कोरड्या गवतासारखी ती स्कॉटलंड. मुलीनं फोटोतले रंग ताडून पाहिले. पाचही बरोबर! खाटेवरचं तोंड इकडं वळलं.

शेवटच्या संध्याकाळी उरलेल्या तिघींची एकेक चिमूट ओढायची परवानगी मिळाली. स्कॉटलंडला हे ‘ठीक’ म्हणाले. अमेरिकेला खोकले. सिरिया पेटवली नि बोलणंच बंद झालं. मास्तर गावच्या पाण्याच्या टाकीवर तावातावानं बोलत होते, हे नुसते हं-हं करत होते. पाइप विझला तरी अर्धा तास तोंडातच. मला मात्र तो धूर नको झाला. डोळ्यांत, केसांत, पडद्यांत, सगळीकडं चुलीचा वास. एवढ्या वर्षांनी गॅस आला कशासाठी मग?

सकाळी गाडी दारात आली. मुलीनं विचारलं, “हं बाबा, बोला. कोणती?”

“डेन्मार्क,” हे म्हणाले. एकदम, पाठ केल्यासारखं.

मी गप्प बसले. खरं सांगते, बसले. वर्षभर बेकरीचा वास, आणखी काय पाहिजे! मुलीनं फोनवर लिहून घेतलं, बॅगा चढल्या, ती पाया पडली. ह्यांचं लक्ष आपलं गाडीच्या चाकाकडं. पोरीकडं बघून खोटं बोलायची सवय नाही त्यांना.

गाडी सुरू झाली तशी मी काचेवर हात मारला. “थांब व! सिरियाचा पाठव.”

“आई! बाबा तर डेन्मार्क म्हणाले.”

“मह्यासाठी म्हणाले ते. सिरियाच पाठव.”

हे गडबडले. “अवं, पण तुले त्याचा वास...”

“मह्या नाकाचं मी पाहीन. तुम्ही बावन्न रविवार साखरपाणी ओढत बसान का?”

डबा पंधरा दिवसांनी जालन्याला येणाऱ्या कोणाच्या तरी हाती आला, तिथून हे जाऊन घेऊन आले. आता रविवारी सकाळी आंघोळ झाली की मी आधी पडदे काढून घडी घालते नि पेटीत ठेवते. मग हाक मारते, “पेटवा आता.”